दोन तबकड्यांचं घड्याळ

१

पेटीवरचं लाखेचं सील शाबूत होतं. ठाणेदार साहेबांनी ते आधी सगळ्यांना फिरवून दाखवलं, मग जरा ऐटीतच फोडलं, आतली कापडाची गुंडाळी सोडली आणि घड्याळाऐवजी त्यातून गाडीचा जुना, गंजका भोंगा बाहेर आला.

सगळ्यांनी माना पुढे काढून पाहिलं.

"हा भोंगा आहे," अखेर ठाणेदार म्हणाले.

"दिसतंय," तपासनीस बाई म्हणाल्या.

बाईंचं अर्धं आयुष्य सरकारी हिशेब तपासण्यात गेलं होतं. कपाटातून गायब झालेले कागद, हजेरीपटावरून गायब झालेली माणसं, एकदा तर गायब झालेला अख्खा रोड रोलर त्यांनी पाहिला होता. पण सीलबंद पेटीत भोंगा हे नवीन होतं. त्यांनी तो उचलून पाहिला आणि परत ठेवला. मग रुमालानं बोटं पुसली आणि नकळत त्याच रुमालानं गुडघाही टिपला. गाडीतून येताना गुडघ्यावर कसलं तरी पाणी ठिबकलं होतं, आणि तो गुडघा आधीच दुखरा.

हे ठाणं हमरस्त्यावरचं. त्याचा सगळा खर्च दोन खिशांतून यायचा. एक खिसा रस्ता निधीचा: वाहनवाल्यांच्या करातून जमलेला पैसा, जो कायद्यानं फक्त रस्त्याच्या कामाला वापरायचा, म्हणजे अपघात, वेगात पळणाऱ्या गाड्या, तुंबलेली वाहतूक. दुसरा खिसा सर्वसाधारण तिजोरीचा: चोऱ्या, घरातली मारहाण, हरवलेली माणसं, असं बाकीचं सगळं त्यात. आता व्हॅन एकच, डिझेल एकच, तिच्या एकाच टायरला दोन मालक. मग वाटणी करायची कशी?

त्यासाठी ते घड्याळ. व्हॅनच्या डॅशबोर्डाखाली बसवलेलं, दोन तबकड्यांचं. त्याला एक लाल दांडी. दांडी खाली असली की इंजिन चालू असेल तेवढा वेळ रस्त्याच्या तबकडीवर चढायचा, वर केली की इतर कामाच्या. वर्ष संपलं की घड्याळ काढून, सील करून तपासनिसांपुढे ठेवायचं, काटे वाचायचे आणि त्या प्रमाणात खर्च दोन्हीकडे लावायचा.

या वर्षी तर काट्यांवर एका माणसाची भाकरी लटकली होती. इतर कामासाठी ठाण्यात हवालदार ताई होत्या. व्हॅनच्या एकूण वेळेपैकी निदान चौथा हिस्सा इतर कामाचा निघाला तरच त्यांची जागा ठेवायची, असं तिजोरी खात्यानं बजावलं होतं. सहामाहीला ठाणेदारांनी सहज वाकून पाहिलं, तर त्या तबकडीचा काटा जेमतेम हलला होता.

"आणि घड्याळच नसेल तर?" बाईंनी विचारलं. उत्तर त्यांना पाठ होतं, पण कोणाला किती माहीत आहे ते त्यांना ऐकायचं होतं.

"तर गेल्या वर्षीचं प्रमाण धरायचं," तिजोरी खात्याचा अधिकारी म्हणाला. कडक इस्त्रीचा, नाकासमोर चालणारा तरुण. ठाण्यात सगळे त्याला मागून 'तिजोरी' म्हणत. "गेल्या वर्षी तिसरा हिस्सा होता. म्हणजे घड्याळ हरवलं की जागा वाचली. कोणाची, ते मी सांगायला नको. मला संध्याकाळपर्यंत अहवाल पाठवायचाय. निलंबनाची शिफारस त्यात असेल."

दारात उभ्या असलेल्या हवालदार ताईंच्या हातात एक फुगलेली खाकी पिशवी होती. ती त्यांनी छातीशी घट्ट धरली.

२

बाईंनी ठाणेदारांची खोली मागून घेतली आणि एकेकाला बोलावलं. सुरुवात खुद्द ठाणेदारांपासून केली.

"काल दुपारी घड्याळ काढलं. मिस्त्रींनी काढलं, कापडात गुंडाळलं. संध्याकाळी मी सील केलं," ठाणेदार म्हणाले.

"उघडून पाहिलंत?"

"आता बघा, गोल होतं, जड होतं, मिस्त्रींचं कापड होतं. घड्याळच असणार की." ते जरा ओशाळले. "गाठी पक्क्या होत्या हो. कोण सोडत बसतंय."

"दुपारी काढलं आणि संध्याकाळी सील केलं. मधे कुठे होतं?"

"ताईच्या टेबलावर. मी जेवायला घरी गेलो होतो." त्यांनी आवाज खाली आणला. "आमच्या घरी जेवण म्हणजे जेवणानंतरची झोप धरून असतं. तुम्ही समजून घ्या."

मिस्त्री आले ते हात पुसतच. ठाण्याच्या मागच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करणारा हा माणूस बोलायला लागला की थांबत नसे.

"मी चार स्क्रू काढले, घड्याळ गुंडाळलं आणि नानांच्या हातात दिलं. माझे हात ग्रीसचे. असल्या हातांनी साहेबांच्या टेबलाकडे गेलो की साहेब ओरडतात. नाना ड्रायव्हर माणूस, स्वच्छ. मग मी शेडमधल्या दुसऱ्या गाडीखाली शिरलो ते पार दिवेलागणीला बाहेर आलो. व्हॅनमध्ये त्यानंतर मी डोकावलेलोसुद्धा नाही."

"आणि हा भोंगा?"

"आमच्याच भंगारातला. तिथे कोणीही जातं. परवा साहेबांच्या पुतण्यानं सायकलला लावायला घंटी नेली."

बाई हसल्या. "गाडी चांगली ठेवलीय तुम्ही. येताना पाहिलं. दाराच्या वर दोन भोकं तेवढी मोकळी दिसली."

"ती होय!" मिस्त्रींना जणू हव्या त्या विषयाची दोरी मिळाली. "वर्षाच्या सुरुवातीला आतला पत्रा बदलला. जुन्या पत्र्याला हुक होता, तो गंजून तुटला. नवीन हुक मागितला तर रस्ता निधीवाले म्हणाले, हुकाला टांगता काय? ताईंची पिशवी. मग ते इतर काम, तिजोरीकडे मागा. तिजोरीवाले म्हणाले, हुक लावता कुठे? व्हॅनला. व्हॅन रस्ता निधीची, तिकडे मागा. वर्षभर अर्ज इकडून तिकडे फिरतोय. एवढासा हुक हो! मी खिशातून आणतो म्हटलं, तर साहेब म्हणाले, सरकारी गाडीला खासगी हुक लावलास तर मला नोटीस येईल."

नाना मात्र फार बोलले नाहीत. पिकलेल्या मिशांचे, शांत गृहस्थ. सकाळी स्टँडवर बाईंना घ्यायला तेच आले होते, आणि वळणावळणावर 'सांभाळा हं' म्हणत त्यांनी गाडी अगदी जपून आणली होती.

"मिस्त्रींनी गुंडाळी दिली, मी ताईंच्या टेबलावर ठेवली. बस्स," नाना म्हणाले.

"लगेच?"

"मधे गाडी पुसली थोडी."

"ताई कशा आहेत हो कामाला?"

नानांनी वर पाहिलं. "माझी बायको विसरते. घर विसरते, मला विसरते. दोनदा निघून गेली. दोन्ही वेळा ताई रात्रभर गाडीतून फिरल्या आणि तिला शोधून आणली. दुसऱ्या वेळी ती ताईंनाच लेक समजून बिलगली, सोडेना. ताई सकाळपर्यंत तशाच बसून राहिल्या." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "घड्याळात कमी भरलं म्हणे. काय भरलं नि काय नाही, मी गाडी चालवतो, मला ठाऊक आहे. गेल्या वर्षीचं प्रमाण धरलं तरी ताईंच्या कामापुढे ते कमीच पडेल."

ते गेल्यावर बाई खिडकीतून अंगणातल्या व्हॅनकडे पाहत राहिल्या. नानांना नियम बरोबर ठाऊक होता. पण तो तर आता ठाण्यातल्या मांजरालाही ठाऊक असावा. एवढ्यावरून काही ठरत नव्हतं.

आणि तिजोरीचं म्हणणं खोडायलाही हातात काही नव्हतं. ती गुंडाळी सर्वांत जास्त वेळ होती ती ताईंच्या एकटीच्या समोर.

३

ताई आल्या तेव्हाही ती पिशवी बरोबर होती. बाईंनी खुर्ची दाखवली. ताई बसल्या, पण पिशवी हातातच.

"ठेवा ना खाली," बाई म्हणाल्या.

"नको. आत थर्मास आहे, झाकण सैल झालंय. खाली ठेवली की आडवी होते नि सगळं सांडतं. टांगलेली असली तर थेंब थेंबच गळतं. ते झाकण बघायला नानांनी मघाशी आणून दिली." त्यांची नजर भिंतीवर काही सापडतंय का ते शोधत होती. अखेर ठाणेदारांच्या टोपीच्या खुंटीवर त्यांनी ती अडकवली. पिशवीच्या पट्ट्याला जाड लोखंडी कडी होती. कडीच्या आतल्या बाजूला लाल रंगाचे ओरखडे होते.

"काय काय आहे हिच्यात?"

"दोन चादरी, टॉर्च, मलमपट्टी, बिस्किटं, एक बाहुली. रात्री भांडणाच्या घरी गेलं की लहान मुलं कोपऱ्यात उभी असतात, त्यांच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. आधी एवढी नव्हती, वाढत गेली." ताई जरा थांबल्या. "मॅडम, मी घड्याळ घेतलेलं नाही. पण तुम्ही विचाराल की ते नाहीसं झाल्याचं वाईट वाटलं का, तर खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं. घरी सासूबाई आहेत, मुलगी शाळेत आहे, पगार माझा एकटीचा. आणि त्याहून मला कळतच नाही, काटा का चढत नाही ते. मी वर्षभर इतकी फिरले. ज्या ज्या वेळी निघाले त्या त्या वेळी या हातानं दांडी वर केली. मग माझी कामं गेली कुठे?"

हे बोलताना त्यांचा आवाज चढला नाही, पण डोळे भरून आले. बाईंना त्यांची कणव आली, आणि कणव आली की त्या हटकून एखादा कोरडा प्रश्न विचारत.

"पिशवी गाडीत ठेवता कुठे?"

"ठेवत नाही, टांगते. रोज सकाळी थर्मास भरून नानाच टांगून ठेवतात."

"कशाला? हुक तर नाही."

"घड्याळाच्या दांडीला," ताई सहज म्हणाल्या. "दुसरं आहेच काय गाडीत टांगायला?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काल दुपारपासून तुम्ही गाडीत बसलात?"

"नाही. वर्षअखेरीचे कागद. कालपासून या टेबलावरून उठले नाही."

बाईंचा हात गुडघ्यावर गेला. कापडावरचा डाग अजून ओलसर होता. सकाळी स्टँडवरून येताना, प्रत्येक वळणाला एक खाकी पिशवी त्यांच्या गुडघ्याला लागत होती आणि तिच्या बुडातून पाणी ठिबकत होतं. खाली ठेवलेल्या पिशवीनं पाय भिजले असते, गुडघा नव्हे. पिशवी टांगलेली होती.

घड्याळ तर काल दुपारीच काढलं होतं, दांडीसकट. मग आज सकाळी ती पिशवी कशावर टांगली होती?

४

बाईंनी सगळ्यांना अंगणात व्हॅनपाशी बोलावलं.

"घड्याळ शोधायला ताईंचं घर, कपाट, टेबल, सगळं पालथं घालायचा विचार आहे तुमचा," त्या तिजोरीला म्हणाल्या. "गाडी कोणी पाहिली का?"

"गाडी? तिच्यातून तर ते काढलं."

"म्हणूनच तिथे कोणी पाहणार नाही."

त्यांनी पुढचं दार उघडलं. डॅशबोर्डावर एक मोठा टॉवेल पसरलेला होता, त्याचं टोक खाली लोंबत होतं. बाईंनी टॉवेल उचलला. डॅशबोर्डाखाली, आपल्या जागी, दोन स्क्रूंवर घड्याळ बसलेलं होतं. लाल दांडी खाली आलेली होती.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला आणि कपाळ काळं करून घेतलं.

"ताईंना हे ठाऊक असतं, तर पिशवी दांडीला टांगतो असं त्यांनी मला सांगितलंच नसतं," बाई म्हणाल्या. "आणि घड्याळ परत बसवायचं तर गाडीजवळ निवांत वेळ हवा. काल मिस्त्री गाडीखाली होते ते दुसऱ्याच गाडीच्या, साहेब घरी झोपलेले, ताई टेबलाशी. गाडी पुसत होते ते नाना. टॉवेल घातलात नाना, आणि मग सकाळी सवयीनं पिशवी त्याच दांडीला टांगलीत. तुमच्या हाताला ती दांडी वाटतच नाही. हुकच वाटतो."

नाना मान खाली घालून उभे होते. "हो," ते म्हणाले. "भोंगा मीच गुंडाळला. ताईंवर येईल असं डोक्यातच आलं नाही. घड्याळ नसलं की गेल्या वर्षीचं प्रमाण धरतात, एवढंच ऐकलं होतं. दोन-चार दिवसांनी आपोआप सापडल्यासारखं करणार होतो."

"नाना!" ताई एवढंच म्हणू शकल्या.

"माफ करा ताई. म्हातारपणी अक्कल गहाण पडली."

तिजोरी मात्र पुढे वाकून काटे वाचत होता. तो सरळ झाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. दुष्टपणाचं नव्हे, बेरीज जुळल्याचं.

"चोरीचं तुम्ही बघा. मला घड्याळ मिळालं, काम झालं. इतर काम दहाव्या हिश्शाहूनही कमी. जागा रद्द. नानांची मेहनत फुकट गेली."

ताईंनी गाडीच्या दाराला हात टेकला.

५

"थांबा," बाई म्हणाल्या. "काटे तर सगळेच वाचतात. ताई, पिशवी आणा. आता असं समजा की फोन आलाय, कुठल्या तरी घरात आरडाओरडा चाललाय, आणि तुम्हाला निघायचंय. रोज करता तसंच करा. नाना, गाडी काढा. आणि तुम्ही" (हे तिजोरीला) "मधे बसा. आणि दांडीवर डोळा ठेवा."

ताईंनी दांडी वर केली. खटकन आवाज झाला. पाठोपाठ, घाईत, त्यांनी पिशवीची कडी तिच्यात अडकवली. नानांनी अंगणात एक फेरी मारली. पहिल्या खड्ड्याला पिशवी हेलकावली. दुसऱ्या खड्ड्याला दांडी हळूच, कसलाही आवाज न करता, खाली बसली.

गाडी थांबली. तिजोरीनं वाकून दांडीला बोट लावून पाहिलं.

"पिशवीच्या वजनानं," बाई खिडकीतून म्हणाल्या. "दांडीवरचा लाल रंग जिथे उडालाय, तिथे कडी बसते. आणि तो रंग त्या कडीला लागलाय. ताई निघताना पिशवी काढून दांडी वर करायच्या, पिशवी परत टांगायच्या आणि रस्त्याला लागायच्या आत त्यांचीच पिशवी ती खाली ओढायची. त्यांचं जवळजवळ सगळं काम रस्त्याच्या तबकडीवर चढलं. गेल्या वर्षी हे झालं नाही, कारण गेल्या वर्षी गाडीत हुक होता."

"पण परत आल्यावर दांडी खाली दिसायची ना?" ठाणेदारांनी विचारलं.

"दिसायची," ताई सावकाश म्हणाल्या. "मला वाटायचं, काम संपलं म्हणून नानांनी केली."

"आणि मला वाटायचं ताईंनी," नाना म्हणाले.

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. वर्षभर शेजारी बसून दोघांनीही हे एकदाही विचारलं नव्हतं. मग ताईंनी त्या फुगलेल्या पिशवीवर हात ठेवला, चादरी, बाहुली, बिस्किटं असलेल्या, आणि त्यांना रडूही आलं आणि हसूही. आपल्या साऱ्या रात्री आपणच पुसल्या, आणि त्या लोकांसाठी भरत गेलेल्या पिशवीनं पुसल्या, हे त्यांना आत्ता उमगत होतं.

"घड्याळाची नोंद सदोष असल्याचं सिद्ध झालं तर गेल्या वर्षीचं प्रमाण धरायचं," बाई म्हणाल्या. "तोच नियम, त्याच पानावर. जागा राहील. नाना, तुम्ही चोरून जे मिळवायला निघालात ते नुसतं विचारलं असतंत तरी मिळालं असतं. भोंग्याचं मी लिहिणार, ते मला गाळता येत नाही. साहेब तुम्हाला काय ती शिक्षा करतील. गाठी न सोडता सील केल्याचंही लिहिणार आहे, म्हणजे साहेब शिक्षा बेतानंच करतील."

ठाणेदारांना अचानक खोकला आला.

तिजोरी अजून गाडीतच बसला होता. दाराच्या वरच्या दोन मोकळ्या भोकांकडे पाहत होता.

"त्या हुकाचा अर्ज," तो म्हणाला, "मीच परत पाठवला होता. तीनदा."

तो उतरला आणि पाकीट काढून मिस्त्रींसमोर उभा राहिला. "हुक घेऊन या. चांगला, जाड."

"खर्च कुठल्या निधीतून दाखवू साहेब?" मिस्त्रींनी भाबड्या चेहऱ्यानं विचारलं.

तिजोरीचे कान लाल झाले. "माझ्या," तो म्हणाला. मग ठाणेदारांकडे वळला. "नोटीस मला पाठवा."

चहा होईपर्यंत मिस्त्रींनी हुक बसवला. बाईंचा कप अर्धा झाला होता तेवढ्यात आतला फोन वाजला. ताईंनी उचलला, "कितीजण आहेत? मुलं कुठे आहेत? दार आतून लावून घ्या, आलेच मी," म्हणाल्या आणि पळत सुटल्या. बाईंची बस त्याच वाटेवरून जात होती, म्हणून त्याही मागच्या सीटवर चढल्या.

ताईंनी दांडी वर केली. नानांनी पिशवी उचलली आणि सवयीनं त्यांचा हात दांडीकडे गेला. अर्ध्या वाटेत तो थांबला. त्यांनी पिशवी वर नेली, हुकाला अडकवली आणि नीट बसली का ते दोनदा ओढून पाहिलं.

फाटकाबाहेरच्या खड्ड्यात गाडी जोरात आदळली. बाई पुढे वाकल्या. दांडी वरच होती.